चार दात्यांचा फरक

“बेटा, पुढला दाता आनि मांगला दाता सारखाच पाहिजेत. येक बी कमीजास्ती चालाव नही.”

पारोळ्याचे अभिमन नाना मिस्त्री हे सांगत होते तेव्हा सबीहा आपल्या दहा महिन्यांच्या फैजच्या तोंडात बोट घालून एक वॉशर बाहेर काढत होती. वॉशर निघाला, तिने तो ओढणीला पुसून नानांच्या डब्यात परत टाकला आणि “हो नाना” म्हणाली. हे ‘हो’ तिने खरं तर संध्याकाळी बाळाला दही देऊ नको म्हणणाऱ्या शेजारणींसाठी राखून ठेवलेलं होतं. त्याने ऐकणाऱ्याचं समाधान होतं आणि म्हणणारी कशालाच बांधली जात नाही.

नाना बोलत होते ते जीपच्या गोळ्यांबद्दल. जीपखाली वाकून पाहिलं तर दोन चाकांच्या मधोमध एक लोखंडी फुगवटा दिसतो, त्याला मिस्त्री लोक गोळा म्हणतात. त्याच्या पोटात दोन दातेरी चक्रं असतात. मोठं ते क्राउन, छोटं ते पिनियन. इंजिनाचं फिरणं चाकांपर्यंत पोचतं ते या दोघांच्या दात्यांतून. साध्या जीपला असा गोळा मागे एकच असतो, पण डोंगरात जाणारी जीप वेळ पडली की चारही चाकांनी ओढते, म्हणून तिला पुढेही एक. सबीहाच्या सासऱ्यांच्या जुन्या जीपचा मागचा गोळा महिनाभर कण्हत होता. नानांनी तो उघडून झिजलेल्या दात्यांचा चुरा तिला वाटीत काढून दाखवला होता.

ही जानेवारीतली गोष्ट. आज नानांच्या दुकानाचं शटर बंद आहे, आणि ते का बंद आहे हे आपल्याला ठाऊक आहे असं पारोळ्यात ज्याला-त्याला वाटतं. कोणालाच ठाऊक नाही. खरं कारण जळगावला पिंप्राळ्यात राहतं, गणित घेऊन बी.एस्सी. झालेलं आहे, आणि दर अर्ध्या तासाने झोपलेल्या मुलाच्या नाकाखाली बोट धरून बघतं.

नानांचं दुकान म्हणजे पत्र्याची एक शेड, रस्त्यावर खड्डा, खड्ड्यावर दोन फळ्या. चाळीस वर्षं चोपड्यापासून बोदवडपर्यंतच्या जीपा त्या फळ्यांवर येऊन उभ्या राहिल्या. नानांनी एकदा गोळा बसवला की गाडी विकली जाईपर्यंत तो पुन्हा उघडावा लागत नाही, असं ड्रायव्हर मंडळी सांगायची. नानांची पाटी नव्हती, फोनवर नाव नव्हतं. हात होता, आणि त्या हातावर लोकांचा भरवसा होता. तेवढ्यावरच दोन माणसांचं घर चालायचं. नियम एकच: माल गिऱ्हाइकाने स्वतः बघून आणायचा, नाना फक्त बसवणार. आणलेला माल चुकीचा निघाला तर दुकानदाराशी भांडण गिऱ्हाइकाचं, आणि बसवण्यात चूक झाली तर मान नानांची. मान द्यायची वेळ चाळीस वर्षांत आली नव्हती.

आता असा माल आणायला सबीहा का गेली, हे तिच्या सासूलाही पडलेलं कोडं होतं. सासरे रमजानभाईंचा गुडघा बस चढू देत नव्हता. नवरा रमीज चोपड्याच्या वरच्या पाड्यांमध्ये सोलर पंप दुरुस्त करायचा, आणि उन्हाळी पेरण्या तोंडावर आल्याने कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून डोंगरात गेलेला होता. आठवडाभर थांबलो असतो तर तोच गेला असता. पण सबीहाने हात वर केला. मी जाते, म्हणाली. दाते तर मोजायचे आहेत, मोजणं मला येतं.

सासूबाईंनी, रईसाबींनी, तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की जिच्या मुलाला स्वेटरवर स्वेटर घालून जानेवारीत घामोळं आलं ती आता जीपचे भाग निवडणार.

खरी गोष्ट अशी की सबीहाला ते निवडायचेच होते. काळजी करणं हा तिचा पूर्णवेळ उद्योग होता आणि तो ती पद्धतशीर करायची. तिच्याकडे एक वही होती. पहिल्या पानावर फैज गिळू शकेल अशा घरातल्या वस्तू, आकाराच्या क्रमाने. पुढच्या पानावर गॅसची नळी कधी बदलली. मधल्या पानांवर रमीज. रमीजच्या फोनमधला निळा ठिपका तिच्या फोनमध्ये दिसायचा, आणि ठिपक्याखाली वेगही दिसायचा. चोपडा रस्त्यावर मोकळा पट्टा लागला की आकडा ऐंशीवर जायचा. सबीहा भाजी चिरता चिरता तो आकडा बघायची, आणि भाजी एकीकडे जाड, एकीकडे बारीक व्हायची. रमीजला सांगून झालं होतं. तो म्हणायचा, जीप आहे, विमान नाही. सबीहा म्हणायची, विमानाला निदान पट्टा तरी असतो.

मग गोळा बिघडला आणि तिने फैजला पाजता पाजता आठ दिवस फोनवर गोळ्यांचा अभ्यास केला. त्यातून तिला एक सुंदर गोष्ट कळली. मोठ्या चक्राला दाते जितके जास्त तितकं चाक सावकाश फिरतं. ताकद वाढते, वेग घटतो. जीपच्या क्राउनला एकोणचाळीस दाते होते आणि पिनियनला आठ. त्याच मापात त्रेचाळीस-आठचीही जोडी मिळते, तशीच्या तशी बसते. तिने वहीत त्रैराशिक मांडलं. ऐंशीची जीप बहात्तरवर येत होती.

आठ किलोमीटर. तिला वाटलं, आपल्या नवऱ्याच्या आणि मरणाच्या मध्ये कोणीतरी आठ किलोमीटर रुंदीची भिंत बांधून देतंय, आणि तीही फक्त चार दात्यांत.

त्याच लेखात खाली आणखी दोन परिच्छेद होते, चारही चाकांनी ओढणाऱ्या गाड्यांबद्दल. पण फैज झोपला होता, आणि झोपलेल्या बाळाखालचा हात काढून पान सरकवायचं म्हणजे धोका. शिवाय तिला हवं ते वाचून झालं होतं. हवं तेवढं वाचून झालं की वाचन पुरे झालं असं समजायची तिची सवय कॉलेजपासूनची. पेपरातही तिने पाचवा प्रश्न कायम असाच सोडला होता.

तर पारोळ्याला उतरून तिने नानांकडून जुनी जोडी नमुन्याला घेतली, नानांचं ते वाक्य ऐकून घेतलं, ‘हो’ म्हणाली आणि धुळ्याची एसटी धरली. एका कडेवर फैज, दुसऱ्या खांद्यावर पिठाच्या थैलीत आठ-नऊ किलो लोखंड. तोल मात्र छान सांभाळला गेला, कारण दोघांचं वजन जवळपास सारखं होतं आणि तेलकटही दोघं सारखेच होते.

धुळ्यात आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत वनाभाऊंचं जुन्या सुट्या भागांचं दुकान. दारात तारेला ओवून लटकवलेली क्राउनं, प्रत्येकाला त्याचं पिनियन बांधलेलं. एकत्र झिजलेली जोडी मोडायची नसते, असं वनाभाऊंनी आल्या-आल्या सांगितलं. त्यांच्या दुकानात कडेवर मूल घेऊन आलेली ही पहिलीच बाई असावी, कारण त्यांनी आधी तिला पत्ता चुकलात का विचारलं आणि मग उकिडव्या बसलेल्या दोन गिऱ्हाइकांना उठवून तिला स्टूल दिलं.

सबीहाने पर्समधून खडू काढला. पहिल्या दात्यावर खूण केली आणि मोजायला लागली. जुनं क्राउन, एकोणचाळीस. वनाभाऊंनी दाखवलेली पहिली जोडी, एकोणचाळीस. मग तिने त्रेचाळीसचं मागितलं. वनाभाऊंच्या भुवया वर गेल्या. ते आत गेले, गोणपाटात गुंडाळलेली जोडी घेऊन आले. तिने मोजली. बाविसाव्या दात्यावर फैजने खडू खाल्ला. परत पहिल्यापासून मोजली. त्रेचाळीस.

“पुढचा गोळा पण बदलताय ना ताई? मग अशा दोन जोड्या लागतील.”

सबीहा मनात हसली. ड्रेसपीस घेतला की ओढणी काढून दाखवतात, ओढणी घेतली की क्लिपा. दुकानदार तो दुकानदार. तिने सांगितलं, मिस्त्रींनी मागचीच आणायला सांगितली आहे. यातला प्रत्येक शब्द खरा होता, आणि त्याचा तिला अभिमान वाटला.

वनाभाऊ थोडे घुटमळले. एकोणचाळीसची जोडी एका हातात, त्रेचाळीसची दुसऱ्या, असे उभे राहिले. मिस्त्रींना एकदा फोन लावता का, म्हणाले. तिने सांगितलं की नाना फोन वापरत नाहीत. हेही खरं होतं. मग वनाभाऊंनी त्रेचाळीसची जोडी थैलीत घातली आणि फैजच्या हातात एक चकचकीत बॉल-बेअरिंग दिलं. ते सबीहाने गल्लीच्या कोपऱ्यावर काढून घेतलं. गिळता येण्याजोग्या वस्तूंच्या यादीत ते चौथं होतं.

दुपारी ती पारोळ्याला परत आली. नानांनी जोडी हातात घेतली, ओठांशी नेऊन फुंकर मारली, तळव्यावर तोलली.

“मोज्यात का?”

“मोजले.”

“सारखा शेतस?”

इथे थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी सांगताना सबीहा आजही पदार्थ जळाल्यासारखं तोंड करते. नानांना दिसत नव्हतं. अगदीच नाही असं नाही, पण दाते मोजण्याइतकं नाही. हे नानांनी कोणाला सांगितलं नव्हतं आणि कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. सबीहाच्या सकाळीच आलं होतं. चहा ओतताना नानांनी पेल्याच्या काठावर बोट ठेवलं होतं. पाना शोधताना हात आधी फळीवर टपटप करत गेला, मग पान्यावर. आणि जुनं क्राउन तिला देताना त्यांनी म्हटलं होतं, तू शिकलेली आहेस, तूच मोज, आकडा सांग. सबीहाच्या लक्षात सगळं येतं, तिची ख्यातीच ती. शेजारच्या मुलाला कांजिण्या येणार हे तिने त्याच्या आईच्या आधी ओळखलं होतं. लक्षात आलेल्या गोष्टीचं पुढे काय करायचं, यात मात्र ती नेहमीच कच्ची.

“सारखेच आहेत नाना,” ती म्हणाली.

खरं सांगितलं असतं तर नानांनी जोडी बसवली नसती, हे तिला कळत होतं. रमीजला निरोप गेला असता, रमीज हसला असता, आणि भिंत बांधायची राहिली असती. शिवाय चारच दाते. एकोणचाळिसात चार म्हणजे जेमतेम दहा टक्के. एवढं इकडे-तिकडे तर विद्यापीठाच्या निकालातही होतं.

नानांनी काम सुरू केलं. वाटीत शेंदूर तेलात कालवला, दात्यांवर फासला, चक्रं एकमेकांवर फिरवली. दाते नीट बसले असतील तर शेंदूर मधोमध पुसला जातो, कडेला पुसला गेला तर पत्र्याच्या चकत्या घालून पुन्हा बसवायचं. नानांनी तिलाच विचारलं, मधी लागना का कोरवर. तिने फैजला मांडीत दाबून धरलं, वाकून प्रत्येक दाता बघितला आणि अगदी प्रामाणिकपणे सांगितलं की दोन ठिकाणी कडेला लागतोय. नानांनी चकती बदलली. तिने पुन्हा बघितलं. मधोमध. तिला इतकं बरं वाटलं. एकाच दुपारी, एकाच गोळ्याबद्दल, एकाच तोंडाने ती खोटंही बोलली होती आणि खरंही, आणि घरी जाताना तिला फक्त खरं बोललेलं आठवत होतं.

पुढचे तीन आठवडे सबीहाच्या संसारातले सर्वांत सुखाचे. जीपच्या काट्याला मागच्या गोळ्यात काय बदललं याचा पत्ता नसतो, तो आपला ऐंशी दाखवायचा. निळ्या ठिपक्याखाली बहात्तर दिसायचे. रमीज घरी येऊन सांगायचा, गंमत आहे, काटा ऐंशीवर आणि एसटी मला मागे टाकून जाते. सबीहा त्याला आणखी एक पोळी वाढायची. डिझेल जास्त लागतंय, म्हणायचा. हवा बदलली असेल, ती म्हणायची. भाजी एकसारखी चिरली जात होती.

नानांनी सांगितलेलं तिला एकदाही आठवलं नाही असं मात्र नाही. रमीज एकदा म्हणाला, नाल्यातल्या वाळूत चारही चाकं जोडली की स्टिअरिंग जड लागतं, गाडी स्वतःशीच ओढाताण करते. टायरमध्ये हवा कमी असेल, ती म्हणाली आणि उठून फैजचं डायपर बघायला गेली. ते कोरडं होतं.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी, सकाळी साडेदहाला, निळा ठिपका डोंगराच्या पायथ्याशी थांबला. अकराला तिथेच. साडेअकराला तिथेच. सबीहाने फोन लावला, लागला नाही. तिने दोन नफल, म्हणजे जादाच्या नमाजा, मानल्या, मग चार, मग बाराच्या सुमाराला मानलेल्या नफलांचा हिशेब चुकायला लागला. रईसाबी म्हणाल्या, पाड्यावर जेवत असेल. सबीहाने वहीचं मधलं पान काढलं आणि आपल्याच अक्षरातलं त्रैराशिक बघत बसली. मग तिने तो लेख उघडला. आठ दिवस ज्या दोन परिच्छेदांपर्यंत बोट गेलं नव्हतं ते वाचायला दीड मिनिट लागलं.

पुढची चाकं एका वेगाने फिरू पाहतात, मागची दुसऱ्या. मातीत चाक घसरून घेतं आणि निभावतं. खडकावर घसरायला वाव नसतो, मग ताण आत साठत जातो आणि जिथे जोड कच्चा असेल तिथे तुटतं.

एक वाजता रमीजचा फोन आला. चढावर पुढच्या गोळ्याकडे जाणाऱ्या फिरत्या दांड्याचा सांधा तुटला, दांडा खालून पत्र्यावर तोफेसारखा आपटला, जीप हातभर मागे सरकून दगडाला टेकली. रमीजला काही झालं नव्हतं. पाच किलोमीटर चालत तो रेंजमध्ये आला होता आणि त्याला भूक लागली होती. सबीहा फोनवर एवढी रडली की तिचं ऐकून फैज रडला आणि दोघांचं ऐकून रमीजने घाबरून विचारलं, घरी काय झालंय.

जीप टेम्पोत घालून पारोळ्याला आणली. रमजानभाई गुडघा बांधून आले, रमीज आला, आणि सबीहा, काहीही न सांगितलेली सबीहा, फैजला घेऊन आली. सगळा रस्ता ती मनात वाक्य जुळवत होती. नाना, त्या दिवशी मी. नाना, ते दाते. प्रत्येक वाक्य दोन शब्दांवर येऊन एसटीसारखं थांबत होतं. दुकानात आणखी तीन ड्रायव्हर बसलेले होते. रमजानभाईंनी तीस वर्षांची ओळख बाजूला ठेवून विचारलं की नाना, तुमच्या हातची गाडी, तीन आठवड्यांत कशी गेली.

नाना खाली शिरले, मागचा गोळा उघडला, आत हात घातला. एका हाताने चाक फिरवत दुसऱ्या हाताचा अंगठा ते एकेका दात्यावरून नेत होते. डोळे मिटलेले, ओठ हलत होते. बाकीचे टायरबद्दल, चढाबद्दल बोलत होते. सबीहा फक्त ओठांकडे बघत होती आणि त्यांच्याबरोबर मोजत होती. अडतीस, एकोणचाळीस. ओठ थांबायला हवे होते, थांबले नाहीत. चाळीस. एक्केचाळीस. बेचाळीस. त्रेचाळिसाला थांबले.

नाना बाहेर आले. फडक्याला हात पुसले, खूप वेळ पुसले. मान सबीहाच्या दिशेला वळली, तिथे फैज तिच्या बांगड्या चावत होता. मग मान रमजानभाईंकडे गेली.

“चूक मन्हीच शे रमजानभाऊ. डोया गयात मन्हा. दोन वरीस व्हयनात, दाता दिसतस नही माले.”

तिघांतला एक ड्रायव्हर उठून आपल्या गाडीकडे बघून आला, जणू तिलाही काही झालं असेल. रमजानभाईंनी नानांच्या खांद्यावर हात ठेवला, पण तो हात आजारी माणसाच्या खांद्यावर ठेवतात तसा होता.

याच क्षणी सबीहाने तोंड उघडायला हवं होतं. तिने ते उघडलंही. तेवढ्यात फैज रडला, आणि ती त्याला घेऊन बाहेर गेली. फैज का रडला, तर तिने त्याला जरा जास्तच आवळून धरलं होतं. हे तिला बाहेर कडुनिंबाखाली आल्यावर कळलं. मूल कडेवर असलं की बाईला कुठूनही बाहेर पडता येतं, ही सोय तिने लग्नांत आणि मयतींत पुष्कळ वापरली होती, पण एवढी महागात कधी पडली नव्हती.

आठ दिवसांत पारोळा, एरंडोल, चोपडा, सगळीकडे झालं. नानांना दिसत नाही. दोन वर्षं आंधळेपणाने गोळे बसवतात. शेडमधल्या दोन गाड्या मालकांनी ओढून नेल्या. नवव्या दिवशी शटर खाली आलं.

दहाव्या दिवशी सबीहाने घरात सगळं सांगितलं. वही समोर ठेवून, त्रैराशिक दाखवून, सुरुवातीपासून. रमीजने वही जवळ ओढली, आकड्यावर बोट ठेवलं. तिला वाटलं, आता काय ऐकावं लागतंय.

“म्हणजे माझे ऐंशी हे बहात्तर होते?” तो म्हणाला.

एवढंच त्याच्या मनाला लागलं होतं. मग तो चिडलाही, रीतसर, दोन दिवस बोलला नाही, पण ते नंतर. रमजानभाईंनी मात्र तिच्या डोक्यावर हात ठेवला. बेटी, म्हणाले, म्हाताऱ्याची लाज राखायला तू अंगावर घेतेस, अल्लाह तुला बरकत देवो, पण तो स्वतःच कबूल झालाय. सबीहाने परत सांगितलं. त्यांनी परत आशीर्वाद दिला. रईसाबींनी तेवढा तिच्यावर विश्वास ठेवला. मला वाटलंच होतं, म्हणाल्या, आणि त्या दिवशी सबीहाला सासूचा पहिल्यांदा आधार वाटला.

मग तिने बाहेर सांगायला घेतलं. रमीजच्या ड्रायव्हर मंडळींच्या ग्रुपवर तिचा आवाज रेकॉर्ड करून टाकला, साडेचार मिनिटांचा. उत्तरादाखल हात जोडलेली नऊ चित्रं आली. वहिनी मनाने मोठ्या, कोणीतरी लिहिलं. वनाभाऊंना फोन केला. तेवढे एकटे म्हणाले, मी सांगत होतो ताई. पण वनाभाऊ धुळ्याला, गिऱ्हाइकं पारोळ्याची. आयुष्यात पहिल्यांदा सबीहाने संपूर्ण, एक दाताही कमीजास्त नसलेलं खरं सांगितलं होतं, आणि सगळ्यांना ते तिच्या चांगुलपणाचं खोटं वाटत होतं.

नानांकडे ती तीनदा गेली. शेडच्या मागेच घर आहे. तिन्ही वेळा कमलबाईंनी, नानांच्या बायकोने, चहा दिला, फैजच्या हातात साखर ठेवली आणि नाना शेतात गेले आहेत म्हणून सांगितलं. नानांच्या चपला तिन्ही वेळा दारातच होत्या. तिसऱ्या वेळी सबीहाने आतल्या खोलीकडे तोंड करून, जरा मोठ्याने, कमलबाईंनाच सगळं सांगितलं. कमलबाईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, ते त्यांना ठाऊक आहे. पण त्यांचं म्हणणं असं की पोरीने काहीही सांगितलं असो, हात माझा होता. अंगठा लावून मोजायला मला किती वेळ लागला असता.

परतीच्या एसटीत सबीहाला जे उमगलं ते तिथल्या अजून कोणाच्या ध्यानात आलेलं नाही. त्या दिवशी नानांनी डोळे मिटून, गोळ्यात हात घालून, शेड भरून लोक बोलत असताना त्रेचाळीस मोजले होते. बरोबर मोजले होते. सबीहाला दिवसाउजेडी, डोळे उघडे ठेवून, खडू घेऊन दोनदा मोजावे लागले. ज्याचा अंगठा असा आहे त्याला डोळे कशाला लागतात, हे त्या तीन ड्रायव्हरांपैकी एकाने विचारलं असतं तर शटर आज वर असतं. जीपला सध्या चोपड्याच्या एका मिस्त्रीने एकोणचाळीस-आठची जोडी घालून दिली आहे. त्याला चांगलं दिसतं. गोळा पुन्हा कण्हतोय.

सबीहा चौथ्यांदा गेली तरी चपला दारातच असणार आणि नाना शेतातच असणार. म्हणून तिचं हे मागणं तुमच्याकडे आहे. जळगावहून धुळ्याला जाता-येता पारोळा लागतंच. किल्ल्याच्या अलीकडे, कडुनिंबापाशी निळं शटर आहे. बंद असलं तर मागच्या दाराने जा, चपला आहेत का बघा, आणि कमलबाईंना सांगा की गिऱ्हाईक आलंय. सबीहाचं नाव काढू नका. बरोबर कुठलंही दातेरी चक्र न्या, सायकलचं असलं तरी चालेल. नानांच्या हातात द्या, दाते किती ते विचारा, आणि आधी स्वतः मोजून आकडा सांगू नका. ते काय सांगतात ते ऐका. आणि जेवण बरोबर जातंय का, बाहेर येऊन बसतात का, तेवढं जरा बघून या.